हृदयरुग्णाचं नैराश्य मोजताना: पीएचक्यू-९ की एचएडीएस?

पीएचक्यू-९ आणि एचएडीएस या नैराश्य ओळखायच्या दोन प्रश्नावल्या; रुग्णाच्या उत्तरांना गुण देतात, गुण जास्त तितकं नैराश्य जास्त. पीएचक्यू-९ मध्ये झोप, थकवा, भूक यांचेही प्रश्न आहेत. हृदय कमजोर झालेला माणूस तसाही थकलेलाच असतो, त्यामुळे गुण फुगू शकतात. १९८३ सालच्या एचएडीएसने ही शारीरिक लक्षणं मुद्दाम वगळली. नैराश्याचे सातच प्रश्न, सोबत चिंतेचे सात.

कागदावर एचएडीएस सरस. पण अनेक समाजांत मन खचलं तरी माणूस तक्रार करतो ती अंगदुखीची, छातीतल्या जडपणाची. तिथे शारीरिक लक्षणं वगळणारी एचएडीएसची हीच चाळणी रुग्ण निसटू देते. शिवाय ती वापरायला परवाना लागतो; पीएचक्यू-९ मोफत आहे.

माझा कौल पीएचक्यू-९ ला, मात्र नैराश्याचा संशय धरायची १० गुणांची रेषा प्रत्येक समाजात तज्ज्ञांनी घेतलेल्या मुलाखतींशी पडताळूनच. शिवाय पीएचक्यू-९ मधला आत्महत्येच्या विचारांचा नववा प्रश्न एचएडीएसमध्ये नाहीच.