राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा की प्रतिनिधींनी? वायमार आणि आजच्या जर्मनीची तुलना

भारतात अध्यक्षीय पद्धत आणावी का, किंवा निदान राष्ट्रपतींची निवड थेट मतदारांकडे सोपवावी का, याविषयी मत बनवू पाहणाऱ्या वाचकाला जर्मनीइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल. या एकाच देशाने तीस वर्षांच्या अंतराने दोन लोकशाही घटना लिहिल्या, एक १९१९ मध्ये (वायमार शहरात लिहिली गेली म्हणून ती वायमार घटना आणि ते वायमार प्रजासत्ताक) आणि दुसरी, आजही लागू असलेली, १९४९ मध्ये. दुसऱ्या घटनेतील राष्ट्राध्यक्षपद तर पहिलीचे दुष्परिणाम डोळ्यांसमोर ठेवूनच घडवलेले आहे. १८७१ ते १९१८ या काळातील सम्राट आणि पूर्व जर्मनीतील राष्ट्रप्रमुख यांना मी या तुलनेतून वगळले आहे. सम्राटपद प्रशियाच्या राजाकडे वंशपरंपरेने येत असे. पूर्व जर्मनीत विल्हेल्म पीक यांच्या मृत्यूनंतर, १९६० मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या जागी राज्य परिषद आली, पण खरी सत्ता आधीपासून आणि नंतरही सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाकडेच होती.

वायमार घटनेने राष्ट्राध्यक्षाला सात वर्षांची मुदत, थेट जनतेचा कौल आणि सैन्याचे सरसेनापतिपद दिले. चान्सलरची, म्हणजे सरकारप्रमुखाची, नेमणूक व बडतर्फी त्याच्या हाती होती, संसद म्हणजे राइशस्टाग विसर्जित करण्याचा अधिकार त्याला होता आणि कलम ४८ नुसार सार्वजनिक सुरक्षा धोक्यात आल्यास काही मूलभूत हक्क स्थगित करून वटहुकूम काढता येत होते. पक्षांच्या भांडणात संसद अडली, तर तिच्याइतकाच लोकमान्य असा दुसरा आधार राज्यव्यवस्थेला असावा, ही त्यामागची कल्पना होती. कागदावर लगामही होते. वटहुकूम रद्द करण्याची मागणी संसद करू शकत होती, चान्सलरला संसदेचा विश्वास आवश्यक होता आणि दोनतृतीयांश बहुमताने राष्ट्राध्यक्षाच्या पदच्युतीसाठी सार्वमतही मागवता येत होते. शिवाय कलम ४८ जन्मतःच लोकशाहीविरोधी होते असेही म्हणता येत नाही. पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांनी ते शंभराहून अधिक वेळा वापरले, पण उठाव आणि चलनफुगवट्याने ग्रासलेले प्रजासत्ताक टिकवण्यासाठी.

थेट निवडणुकीची बाजू घेणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. एबर्ट यांना १९१९ मध्ये घटना लिहिणाऱ्या राष्ट्रीय सभेने निवडले आणि १९२२ मध्ये राइशस्टागने त्यांची मुदत वाढवली, त्यामुळे लोकांच्या मतदानाला ते कधीच सामोरे गेले नाहीत. वायमारमधल्या दोन्ही थेट निवडणुका जिंकल्या त्या फील्डमार्शल पाऊल फॉन हिंडेनबुर्ग यांनी. १९२५ च्या पहिल्या फेरीत ते उमेदवारही नव्हते. दुसऱ्या फेरीत नवा उमेदवार आणण्याची मुभा होती आणि निव्वळ सर्वाधिक मते पुरेशी होती. त्यांना सुमारे १ कोटी ४६ लाख मते पडली, तर प्रजासत्ताकवादी पक्षांचे उमेदवार विल्हेल्म मार्क्स यांना सुमारे १ कोटी ३७ लाख. कम्युनिस्ट उमेदवार एर्न्स्ट थेलमान यांनी घेतलेली सुमारे १९ लाख मते हिंडेनबुर्ग यांच्या मताधिक्याहून कितीतरी जास्त होती. १९३२ मध्ये मात्र याच वृद्ध फील्डमार्शलने ५३ टक्के मते मिळवून हिटलरला ३६.८ टक्क्यांवर रोखले. मतदारांनी हिटलरला राष्ट्राध्यक्षपदासाठी स्पष्टपणे नाकारले होते. दहा महिन्यांच्या आत त्याला चान्सलर नेमले ते लोकांनी निवडलेल्या राष्ट्राध्यक्षाने.

हे कसे घडले याचे उत्तर अधिकारांच्या जोडणीत आहे. एकेकट्या अधिकारात ते सापडत नाही. मार्च १९३० मध्ये हाइनरिश ब्र्यूनिंग यांचे सरकार संसदेत बहुमत नसताना नेमले गेले. जुलैमध्ये राइशस्टागने त्यांचे वटहुकूम रद्द करवले, तेव्हा हिंडेनबुर्ग यांनी राइशस्टागच विसर्जित केले आणि वटहुकूम पुन्हा काढले. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी पक्ष १२ जागांवरून १०७ जागांवर गेला. कलम ४८ चा लगाम संसदेकडे होता, पण संसदच घरी पाठवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे असल्याने तो लगाम निरर्थक ठरला. १९३२ या वर्षात राइशस्टागने अवघे ५ कायदे केले, तर वटहुकूम साठच्या आसपास निघाले. पक्षांनाही हे सोयीचे होते, कारण अप्रिय करवाढीची आणि खर्चकपातीची जबाबदारी कोणालाच घ्यावी लागत नव्हती. २८ फेब्रुवारी १९३३ रोजी नागरी हक्क गोठवणारा वटहुकूम याच कलमाखाली निघाला आणि २ ऑगस्ट १९३४ रोजी हिंडेनबुर्ग वारले तेव्हा हिटलरने ते पद स्वतःच्या पदात विलीन करून टाकले.

१९४९ च्या घटनेने, म्हणजे ‘मूलभूत कायद्याने’, यातील जवळजवळ प्रत्येक दुवा तोडला. राष्ट्राध्यक्षाची निवड संघीय निर्वाचन सभा करते. तिच्यात बुंडेस्टागचे, म्हणजे लोकांनी निवडलेल्या संसदेचे, सर्व सदस्य आणि तितकेच राज्यांच्या विधिमंडळांनी निवडलेले प्रतिनिधी असतात. २०२२ मध्ये ही संख्या १,४७२ होती. मुदत पाच वर्षांची असते आणि लागोपाठ एकदाच फेरनिवड होऊ शकते. भारतीय वाचकाला आपले निर्वाचक मंडळ आठवेल, मात्र तेथील राज्यांचे प्रतिनिधी आमदारच असावेत असे बंधन नाही, त्यामुळे कलावंत आणि खेळाडूही मतदानाला बसलेले दिसतात. सैन्याचे आधिपत्य पुढे १९५६ च्या घटनादुरुस्तीने संरक्षणमंत्र्याकडे आणि युद्धकाळात चान्सलरकडे गेले. सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र राष्ट्राध्यक्षाच्या कलमांत नाही, तो कलम ६७ मध्ये आहे: नवा चान्सलर बहुमताने निवडल्याशिवाय बुंडेस्टागला जुन्याला काढता येत नाही. स्थैर्याची जबाबदारी अशा रीतीने पुन्हा संसदेवरच टाकली गेली. आजवर हा मार्ग फक्त एकदाच यशस्वी झाला, १ ऑक्टोबर १९८२ रोजी, जेव्हा हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले.

म्हणून हे पद शोभेचे आहे असे समजणे चूक ठरेल. कायद्यावर सही करण्यास नकार मोजक्याच वेळा दिला गेला, परंतु राष्ट्राध्यक्ष होर्स्ट कोलर यांनी २००६ या एकाच वर्षात दोन कायदे घटनाबाह्य ठरवून परत पाठवले. चान्सलरच्या निवडीत कोणालाही पूर्ण बहुमत मिळाले नाही, तर अल्पमताचे सरकार नेमायचे की निवडणूक घ्यायची, हे राष्ट्राध्यक्ष सात दिवसांत ठरवतो. ती वेळ आजवर आलेली नाही. तरीही २०१७ च्या निवडणुकीनंतर युतीची बोलणी फिसकटली तेव्हा राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर स्टाइनमायर यांनी घाईने फेरनिवडणुकीकडे न वळता पक्षांना पुन्हा चर्चेला बसवले. आणि राष्ट्राध्यक्ष रिशार्ड फॉन वाइत्सेकर यांनी ८ मे १९८५ रोजी जर्मनीची शरणागती हा मुक्तीचा दिवस असल्याचे सांगितले, त्या भाषणाने जे साधले ते कोणत्याही वटहुकुमाला साधले नसते.

या व्यवस्थेचे दोषही झाकण्यासारखे नाहीत. उमेदवार बहुधा पक्षनेत्यांच्या वाटाघाटींत ठरतो आणि निर्वाचन सभेचा निकाल अनेकदा आधीच ठाऊक असतो. १९५९ मध्ये चान्सलर कोनराड आडेनाउअर यांनी या पदासाठी स्वतःचे नाव पुढे केले आणि मग मागे घेतले. पदाकडे सोयीनुसार पाहिले जाते हे तेव्हाच दिसले होते. दुसरीकडे, २०१० मध्ये कोलर आणि २०१२ मध्ये क्रिस्टियान वुल्फ यांनी अचानक राजीनामे दिले, तेव्हा बुंडेसराटच्या, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभागृहाच्या, अध्यक्षांनी कारभार पाहिला, तीस दिवसांत नवी निवड झाली आणि सरकारला त्याची झळही लागली नाही. वायमारमध्ये, जिथे इतके अधिकार या एकाच खुर्चीत होते, ती रिकामी होणे अधिक जोखमीचे होते.

या दोहोंत निवड करायची तर माझा कल स्पष्टपणे १९४९ कडे आहे, पण थेट निवडणूक म्हणजे वायमार, असे समीकरण मात्र मी मांडणार नाही. शेजारच्या ऑस्ट्रियात १९५१ पासून राष्ट्राध्यक्ष थेट निवडला जातो, सरकार बडतर्फ करण्याचा अधिकारही त्याच्याकडे आहे, आणि तेथे लोकशाही टिकून आहे. तेव्हा एखादा प्रस्ताव समोर आला, तर निवडणुकीची पद्धत तपासण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: वटहुकूम कोण काढतो, तो कोण रद्द करू शकतो, आणि रद्द करणाऱ्याला विसर्जित करण्याचा अधिकार कोणाकडे आहे. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकच व्यक्ती असेल, तर तिला लोकांनी निवडले की प्रतिनिधींनी, यामुळे धोका फारसा कमी होत नाही. लोकांनी निवडले असेल तर तिला थांबवणे अधिक अवघड जाते, इतकेच.