माहितीपर मजकुराची रचना ओळखायला शिकवायची: जुनी बालपुस्तकं घ्यावीत की आजची माहितीपुस्तकं?

आठ-नऊ वर्षांचं मूल गोष्ट वाचून झाली की ती धडाधड सांगतं. तेच मूल माहितीचा दोन पानी धडा वाचतं, आणि 'काय वाचलंस?' असं विचारलं की शेवटचं वाक्य म्हणून दाखवतं, नाहीतर त्यातली एखादी गमतीची बाब तेवढी सांगतं. त्याला वाचता येत नाही असं नाही. गोष्टीचा सांगाडा त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेला असतो: कुणीतरी असतं, त्याला काहीतरी हवं असतं, अडचण येते, ती सुटते. माहितीच्या मजकुरालाही सांगाडे असतात, पण ते निरनिराळ्या प्रकारचे, आणि ते कुणी दाखवलेले नसतात.

ते दाखवायचं ठरवलं की हातात काय घ्यायचं हा प्रश्न येतो. एक वाट सरळ आहे: आजची सचित्र माहितीपुस्तकं. दुसरी वाट आडवळणाची: सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातली सुरुवातीची बालपुस्तकं. त्यांतली बरीच आता स्कॅन होऊन मोफत वाचायला मिळतात. दुसरी वाट ऐकून भुवया उंचावतील, पण ती विचारात घेण्यासारखी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली ओळख जुन्या पानांवर करून द्यावी, सराव आजच्या पुस्तकांवर घ्यावा. आणि दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर आजची पुस्तकं घ्यावीत.

ओळखायचं नेमकं काय

माहितीपर लेखनाच्या रचनांची जी यादी बहुतेक ठिकाणी वापरतात ती पाचांची आहे: वर्णन, क्रम, तुलना, कारण-परिणाम, आणि समस्या-उपाय. यामागे अमेरिकी संशोधक बॉनी मायर यांचं १९७५ पासूनचं काम आहे. १९८० साली त्यांनी सहकाऱ्यांसह नववीच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. वाचलेलं आठवून लिहिताना जी मुलं लेखकाचाच सांगाडा वापरत होती त्यांना जास्त आठवत होतं, आणि तसं करणारी मुलं निम्मीही नव्हती. म्हणजे हे कौशल्य वयाबरोबर आपोआप येतं असं धरून चालता येत नाही.

बहुतेक जण शिकवायला सुरुवात करतात ती खूणशब्दांच्या यादीने. 'आधी, मग, शेवटी' दिसलं की क्रम. 'कारण, म्हणून, त्यामुळे' दिसलं की कारण-परिणाम. 'याउलट, मात्र, तर' दिसलं की तुलना. मला ही सुरुवात धोक्याची वाटते. मराठीत हे शब्द एका जागी बसत नाहीत. 'पाऊस पडला तर नदी भरते' यातला 'तर' अटीचा, आणि 'वटवाघूळ रात्री उडतं, तर घार दिवसा' यातला तुलनेचा. 'मग' कधी नुसता पुढचा प्रसंग सांगतो, कधी परिणाम. 'पाणी मिळावं म्हणून मुळं खोल जातात' यात 'म्हणून' हेतू दाखवतो. यादी पाठ केलेलं मूल शब्दाखाली रेघ मारून मोकळं होतं आणि उतारा न वाचता उत्तर देतं. त्यापेक्षा आधी प्रश्न शिकवावा: हा मजकूर 'कसं आहे' याचं उत्तर देतो, 'आधी काय, नंतर काय' याचं, की 'असं का झालं' याचं? खूणशब्द त्यानंतर, पुरावा म्हणून. हे दोन्ही वाटांना लागू आहे, म्हणून आधीच सांगितलं.

जुन्या पानावर सांगाडा उघडा असतो

जुन्या पुस्तकांची ताकद सतराव्या शतकातला शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याच्या १६५८ सालच्या 'ऑर्बिस पिक्टस' या सचित्र पुस्तकात सगळ्यात स्वच्छ दिसते. न्यूरेंबर्गला छापलेलं, लॅटिन आणि जर्मन शेजारी-शेजारी, १५० च्या आसपास प्रकरणं. प्रत्येक प्रकरणाला एक चित्र. चित्रातल्या वस्तूंवर आकडे, आणि मजकुरात त्या वस्तूच्या नावाशेजारी तोच आकडा. वर्णन म्हणजे 'एका गोष्टीचे भाग एकेक करून दाखवणं' हे मुलाला समजावून सांगावं लागत नाही. बोट आकड्यावर ठेवायचं आणि मजकुरात तो शोधायचा.

त्याच पुस्तकात व्यवसायांची प्रकरणं आहेत, आणि तिथे रचना बदलते. पाव भाजणाऱ्याच्या प्रकरणात तो आधी पीठ चाळतो, मग त्यात पाणी घालून मळतो, मग पावांना आकार देतो, नंतर ते भट्टीत सारतो. इथे चित्र मात्र एकच, आणि त्या एका चित्रात सगळी कामं एकाच वेळी चाललेली. चित्र बघून कोणतं काम आधीचं ते कळत नाही. ते मजकूरच सांगतो. आकडे वर्णनाच्या प्रकरणात असतात तसेच इथेही आहेत, पण इथे त्यांच्या जागा उलटसुलट करता येत नाहीत. 'प्राण्यांच्या प्रकरणात मेंढी आणि गाय यांची जागा बदलली तर काही बिघडेल का? भट्टी आणि मळणं यांची बदलली तर?' हा प्रश्न विचारला की वर्णन आणि क्रम यांतला फरक मुलाच्या तोंडून येतो. पूर्ण धडा एवढाच. माझ्या माहितीत याहून चांगला पहिला धडा नाही.

अनुक्रमणिकाही वाचण्यासारखी आहे. देव, जग, आकाश, अग्नी, वायू, जल, पृथ्वी, मग वनस्पती, प्राणी, माणूस, त्याचे व्यवसाय. पूर्ण पुस्तक म्हणजे एक वर्गीकरण, आणि त्यामागे जगाकडे बघण्याची एक रीत आहे. थोड्या मोठ्या मुलांना विचारावं: आज हे पुस्तक कुणी लिहिलं तर सुरुवात कुठून करेल? वस्तू त्याच राहूनही त्यांचा क्रम लेखक ठरवतो, हे त्यातून कळतं.

लंडनच्या टॉमस बोरमनचं १७३० सालचं प्राण्यांचं पुस्तकही असंच उघडं आहे. तीनशे प्राणी, पशू, पक्षी, मासे, साप, कीटक असे गट, प्रत्येकाचं चित्र आणि वर्णन. त्यात सिंहाबरोबर एकशिंगी घोडाही बसलाय. पंचाईत वाटेल, पण मला तो फायद्याचा वाटतो. रचना नेटकी असली म्हणजे माहिती खरी असते असं नाही, हे मुलांना इतक्या सोप्या रीतीने दुसरं काही दाखवत नाही.

आणि मग जुनी वाट संपते

वर्णन, क्रम, वर्गीकरण एवढ्यावर जुन्या पुस्तकांचं भांडवल बहुतेक संपतं. तुलना फारशी मिळत नाही. समस्या-उपाय जवळजवळ नाहीच. असला तर तो नीतिकथेत दडलेला, आणि तिथे उपाय म्हणजे 'शहाण्यासारखं वागा'. लंडनचा प्रकाशक जॉन न्यूबेरी याने १७४४ साली काढलेल्या छोट्या पुस्तकाला बालसाहित्यातला मोठा टप्पा मानतात, आणि मुलांच्या करमणुकीचा विचार म्हणून तो आहेच. मुलगा असेल तर सोबत चेंडू, मुलगी असेल तर टाचण्यांची उशी, अशी विक्री होती! पण रचनेसाठी ते निरुपयोगी. त्यात अक्षरांच्या क्रमाने खेळ मांडलेत आणि प्रत्येक खेळाखाली एक तात्पर्य. अक्षरांच्या क्रमातून खेळांबद्दल काहीच कळत नाही, आणि तात्पर्य खेळातून निघत नाही, वरून चिकटवलेलं असतं. त्या काळच्या मुळाक्षरांच्या इतर पुस्तकांचंही तेच.

कारण-परिणामासाठी एक अपवाद आहे, आणि तो दणकट आहे: संवादाची पुस्तकं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेन मार्सेट यांनी रसायनशास्त्रावर लिहिलेल्या संवादांत एक शिक्षिका आणि दोन विद्यार्थिनी बोलतात. एक विद्यार्थिनी 'असं का?' विचारते, शिक्षिका कारण सांगते, त्यातून पुढचा प्रश्न निघतो. आजच्या पुस्तकात जो 'का' वाक्यांच्या मध्ये लपलेला असतो, तो इथे एका पात्राच्या तोंडी उघड येतो. बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा, पुढे नामवंत शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे हेच पुस्तक वाचून रसायनशास्त्राकडे ओढला गेला.

त्याच फॅरडेची मुलांपुढची मेणबत्तीवरची व्याख्यानं १८६१ साली पुस्तकरूपाने आली. मेणबत्तीच्या डोक्यावर वितळलेल्या मेणाची वाटी कशी तयार होते हे तो सांगतो: ज्योतीच्या उष्णतेने भोवतालची हवा वर चढते, ती बाहेरची कड थंड ठेवते, म्हणून मधलं मेण वितळतं आणि कड उभी राहते. मग तो उलट बाजू दाखवतो: वारा एका बाजूने लागला की कड मोडते आणि मेण ओघळतं. एकेका दुव्यावर थांबून 'हा दुवा काढला तर?' असं विचारता येतं, आणि उत्तर मोठ्यांच्या देखरेखीखाली मेणबत्ती लावून तपासता येतं. कारण-परिणामाचा इतका पारदर्शक उतारा आजच्या पुस्तकांत शोधायला बराच वेळ जातो. पण वाक्यं लांब आहेत. दहा वर्षांखालच्या मुलांना ती कापून द्यावी लागतील.

आजची माहितीपुस्तकं

यांचा मोठा फायदा म्हणजे पाचही रचना मिळतात आणि माहिती आजची असते. उपशीर्षकं, चौकटी, आकृत्या, सूची हे सगळं वापरायला शिकवायचं तर तेही इथेच. शिवाय मुलाला पुढे वाचायचंय ते असंच काहीतरी. अमेरिकी संशोधक नेल ड्यूक यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या पहिलीच्या २० वर्गांत माहितीपर मजकुराला दिवसाला सरासरी ३.६ मिनिटं मिळत होती. एवढ्या कमी वाचनातून रचना कशी दिसणार? पुढे २०१० साली तिथल्या अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या समान अभ्यासक्रम-निकषांत चौथीसाठी मजकुराची रचना सांगता येणं हे स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून आलं.

त्रास दोन आहेत. पहिला मांडणीचा. दोन पानं भरून एक मोठं चित्र, त्यावर सात-आठ चौकटी, प्रत्येकीत दोन-तीन वाक्यं. बघायला देखणं, पण तिथे सलग मजकूरच नसतो, त्यामुळे त्याला रचना नसते. उपशीर्षकंही पुष्कळदा चटकदार करण्याच्या नादात आत काय आहे ते सांगत नाहीत. 'बापरे, केवढे दात!' खाली दातांचं वर्णन आहे, की ते तसे का झाले हे, की दुसऱ्या प्राण्याशी तुलना? तिन्ही असू शकतं.

दुसरा त्रास मिसळीचा. हा उतारा बघा: 'देवमासा पाण्यात राहतो. त्याला कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. म्हणून श्वासासाठी त्याला वर यावं लागतं. मासा मात्र पाण्यातूनच प्राणवायू घेतो.' चार वाक्यांत वर्णन, कारण आणि तुलना. मोठ्या माणसाला हे सहज वाटतं. नवशिक्या मुलाला 'याची रचना कोणती?' विचारणं अन्यायाचं आहे. प्रश्न बदलून 'कोणत्या वाक्याने काम बदललं?' असं विचारलं तर हाच उतारा उत्तम सराव होतो, पण दुसऱ्या टप्प्यावर.

संशोधक जोआना विल्यम्स यांनी दुसरीच्या मुलांना तुलनेची रचना शिकवताना हीच अडचण ओळखून एका वेळी एकच रचना घेतली, प्राण्यांच्या गटांवर मुद्दाम साधे उतारे लिहिले, आणि खूणशब्दांबरोबर प्रश्न आणि तक्ता वापरला. म्हणजे आजचंच, पण हाताने साफ केलेलं. घरी किंवा वर्गात तेवढं करायला वेळ असेल तर जुन्या पुस्तकांची गरज उरत नाही.

वेळ आणि कष्ट

जुनी पुस्तकं फुकट मिळतात, पण आयती नाहीत. भाषा लॅटिन, जर्मन किंवा जुनी इंग्रजी. निवडलेलं पान स्वतःच मराठीत उतरवून घ्यावं लागतं. चार-पाच पानं केली की पुरे, ती वर्षानुवर्षं चालतात. कोमेनियसची काही प्रकरणं धार्मिक आहेत, काहींत त्या काळचे पूर्वग्रह आहेत. निवडताना ती आधी वाचून बाजूला काढावीत. आजच्या पुस्तकांत कष्ट शोधण्याचे: दहा पुस्तकं चाळली तर स्वच्छ रचनेचा सलग परिच्छेद दोन-तीनांत सापडतो. निवडताना मी एक कसोटी लावतो. उपशीर्षकं तेवढी वाचून काढायची. त्यावरून मजकुराचा ओघ सांगता आला तर पुस्तक घ्यायचं.

कुणी काय घ्यावं

मूल सात-आठ वर्षांचं असेल आणि माहितीचा मजकूर म्हटलं की टाळत असेल, तर कोमेनियसच्या धर्तीची आकडे घातलेली पानं घ्या. वाचायला कमी, शोधायला जास्त, आणि यश लगेच मिळतं.

मूल भरपूर माहितीपुस्तकं वाचतं, प्राण्यांची नावं पाठ आहेत, पण 'का' विचारलं की गडबडतं, अशा मुलाला वर्णनाचा आणखी सराव देऊ नका. त्याला फॅरडेची मेणबत्ती द्या किंवा संवादाचं एखादं पान, आणि नंतर आजच्या पुस्तकातला कारण-परिणामाचा परिच्छेद संवादात बदलायला सांगा. 'का' विचारणारं पात्र कुठे बोलेल हे ठरवताना त्याला दुवे शोधावेच लागतात.

परीक्षा तोंडावर असेल तर जुन्याच्या नादी लागू नका. आजचे उतारे, एका वेळी एक रचना, शेवटी मिसळ.

चाळीस मुलांच्या वर्गालाही सरावासाठी आजचीच पुस्तकं सोयीची, पण पहिला तास पाव भाजणाऱ्याच्या पानाला द्यावा: फळ्यावर ते चित्र, आकडे उलटसुलट केलेले, आणि ते लावण्यासाठी मजकूर मुलांच्या हातात.