तीन चाकी इलेक्ट्रिक स्कूटर: थ्रॉटलचा घोळ आणि वॉरंटीची फरफट (कोल्हापूर, वापरानंतरचा अनुभव)

मागच्या दिवाळीत घेतलेली गाडी आहे, आता गणपती पण होऊन गेले, म्हणजे उन्हाळा पावसाळा दोन्ही बघून झालं म्हणून लिहितोय. दिव्यांगांसाठी कंपनीतनंच तीन चाकी आलेली स्कूटर, पुढं एक चाक मागं दोन, नंतर साईड व्हील जोडलेली नव्हे. मला लहानपणी पोलिओ झालाय, दोन्ही पायांना कॅलिपर, रोज फुलेवाडीतनं रंकाळ्यावरनं चप्पल लाईनला दुकानात जाणं येणं याच गाडीवर. त्यामुळं ही बंद पडली की माझं सगळंच बंद पडतं.

गाडी म्हणून चांगली आहे, हे आधी सांगतो. रिव्हर्सचं बटण तर लई मोठी सोय, गर्दीत गाडी मागं घ्यायला कुणाला हाक मारावी लागत नाही. खड्ड्यांचं मात्र ध्यानात ठेवा, पुढचं चाक चुकवलं तरी मागचं एखादं जातंच, आणि वळणावर ही दोन चाकीसारखी झुकत नाही त्यामुळं स्पीड कमी करूनच वळायचं, नाहीतर आतलं चाक उचलतं.

आता मुद्द्याचं. पाऊस सुरू झाला आणि थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची मूठ, दगा द्यायला लागला. डिस्प्ले चालू, हॉर्न चालू, बॅटरी भरलेली, आणि मूठ पिळली तरी गाडी जागची हलत नाही. एकदा पापाची तिकटीला डावीकडं वळताना अशीच मेली, मागं केएमटीची बस हॉर्न मारतीय, मी मूठ पिळलेलीच आणि हँडल जरा सरळ केलं तर गाडीनं एकदम उडी घेतली. पुढं एक मावशी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या, ब्रेक लागला म्हणून निभावलं. बंद पडणं परवडलं, ही उडी नको. पाय टेकवून सावरणं आम्हाला जमत नाही हे गाडी बनवणाऱ्यांना तरी माहीत असायला पाहिजे.

या गाड्यांच्या मुठीत पेट्रोल गाडीसारखी केबल नसते. आत चुंबक आणि हॉल सेन्सर (मूठ किती पिळली ते चुंबकावरनं ओळखणारा) असतो, तीन वायरी, एकीत 5 व्होल्ट, एक ग्राउंड आणि तिसरीतनं कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्याला, सिग्नल. मूठ सोडलेली असताना सिग्नल साधारण 1 व्होल्टच्या आसपास, पूर्ण पिळली की 3.5 ते 4 च्या पुढं, आणि यात गडबड दिसली की कंट्रोलर मोटर तोडतो. म्हणजे सेन्सर खराब असला, कनेक्टरात पाणी गेलं, वायर तुटली, नाहीतर ब्रेकचा कटऑफ स्विच (ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा) अडकला, तरी लक्षण एकच: मूठ पिळा, गाडी ढिम्म. म्हणून आधी मीटर लावून बघायला पाहिजे. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मीटर न लावताच थ्रॉटल बदलून दिला. थोडे दिवस बरी चालली, परत तेच. परत थ्रॉटल बदलला, परत तेच.

आणि सेंटर शिरोलीच्या बाजूला, म्हणजे गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. वॉरंटी कार्डावर लिहिलंय ग्राहकानं गाडी केंद्रावर आणून द्यावी. आता बंद पडलेली तीन चाकी टोचन करून नेता येत नाही, छोटा हत्ती करावा लागतो, चढवायला उतरवायला माणसं लागतात, गाडी तिथं असेपर्यंत दुकानाला रोज रिक्षा. पार्ट फुकट मिळाला म्हणून वॉरंटी मिळाली असं मी मानत नाही. ज्याला चालता येत नाही त्याला गाडी विकायची आणि गाडी उचलून न्यायची सोय ठेवायची नाही, हे मला अजिबात पटत नाही.

शेवटी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या वायरिंगवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "सील तोडू नका, नाहीतर वॉरंटी गेली म्हणतील. जॅक लावून मागची चाकं उचला, मूठ थोडी पिळून धरा आणि हँडल डावी उजवी फिरवून बघा." बघितलं, डावीकडं पूर्ण वळवलं की मोटर बंद, सरळ केलं की चालू, दरवेळी. मोबाईलवर व्हिडिओ काढला. सेंटरवर दाखवला तर म्हणे पाणी गेलंय, पाणी वॉरंटीत येत नाही. म्हटलं हेच जॉबकार्डवर लिहून सही करून द्या. लिहीनात. मग कंपनीला व्हिडिओ आणि सगळ्या जॉबकार्डांचे फोटो मेल केले आणि 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीचा इंजिनिअर आला, माझ्यासमोर पुढचं पॅनल खोललं. हँडलच्या मानेपाशी केबल टाय इतका आवळलेला की प्रत्येक वळणाला वायरी एकाच जागी वाकत होत्या. लाल वायरीचं वरचं आवरण धड, आतलं तांबं तुटलेलं. नवीन हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, टाकला, मानेपाशी ढील ठेवला, पैसे घेतले नाहीत. पोरगा कामाचा होता, खरंच. नंतरच्या धो धो पावसात पण गाडी एकदाही अडली नाही.

टेम्पोचे पैसे अजून मिळालेले नाहीत, बिलं जोडून मागितलेत. नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, 5 लाखापर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी लागत नाही आणि मुदत 2 वर्षं आहे.

घेणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी गाडी घरनं उचलून न्यायचं लेखी घ्या, तोंडी कबुलीवर जाऊ नका, आणि डिलिव्हरीच्या वेळी तो हँडल फिरवायचा प्रयोग शोरूममध्येच करून घ्या. कोल्हापुरातल्या कुणा दिव्यांग बांधवाला घ्यायच्या आधी चालवून बघायची असेल तर दुपारी चप्पल लाईनला या, त्या वेळी गिऱ्हाईक कमी असतं, निवांत दाखवतो.