तहहयात हक्क: बक्षीसपत्रात राखावा की मृत्युपत्रात द्यावा?

रामबाग किंवा लोकमान्य नगरातलं स्वकष्टाचं घर मुलाला द्यायचंय, पण आपण दोघं आहोत तोवर कुणी ‘आता निघा’ म्हणायला नको. अशा वेळी इंदूरात दोन कागदांपैकी एक निवडावा लागतो. (घर वडिलोपार्जित असेल तर आधी आपला वाटा किती ते बघा. भावाच्या वाट्याचं दान आपल्याला करता येत नाही.)

बक्षीसपत्राने मालकी त्याच दिवशी मुलाची होते, राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क तेवढा आपण राखायचा. नोंदणी सक्तीची, दोन साक्षीदार हवेत, मुद्रांक शुल्क आत्ताच भरायचं. मुलाने ते आपल्या हयातीत स्वीकारावं लागतं, म्हणून स्वीकृतीची सही त्याच दस्तावर घ्यावी. ताबा न देताही असं दान वैध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलंय. मात्र नंतर मन बदललं एवढ्यावर ते रद्द होत नाही, आणि घर मोकळं करून विकायचं तर आपली आणि मुलाची, दोघांचीही सही लागते.

मृत्युपत्राला मुद्रांक नाही, नोंदणी ऐच्छिक, आणि हवं तेव्हा नवं लिहिता येतं.

खरी गोम मजकुरात असते. ‘माझ्या पश्चात घर मुलाचं होईल’ एवढंच लिहिलेल्या बक्षीसपत्राला कोर्ट मृत्युपत्र समजू शकतं. भरलेलं शुल्क मग पाण्यात. लिहावं असं: ‘मालकी आजपासून दिली, राहण्याचा व भाडे घेण्याचा हक्क आम्हां उभयतांचा, मागे राहील त्याचा तहहयात.’ ‘उभयतां’ राहून गेलं की वडिलांबरोबर हक्कही जातो आणि आई मुलाच्या मर्जीवर येते. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. संपत्तिकर आणि दुरुस्ती कुणाकडे, तेही लिहा. सांभाळण्याची अट दस्तातच घाला, म्हणजे मुलाने ती मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली दान रद्द करून मागता येतं. २०२५ मध्ये छतरपूरच्या एका आईला हा दिलासा मिळाला. तिथे वचन वेगळ्या कागदावर होतं, म्हणून वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

‘पत्नीला तहहयात, नंतर मुलाला’ अशा मृत्युपत्रात वेगळीच मेख आहे. तो हक्क तिच्या पोटगीपोटी दिलाय असं ठरलं, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ नुसार ती पूर्ण मालकीण होते (तुलसम्मा निकाल, १९७७) आणि मुलासाठी लिहिलेलं उरत नाही. तिने मालकीण व्हायला हरकत नसेल, तर सरळ तसंच लिहा.

मन पक्कं नसेल तर मृत्युपत्रच बरं. साक्षीदार मात्र आपल्याहून तरुण निवडा, कारण कोर्टात ते सिद्ध करायला हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला उभं राहावं लागतं.