गाभण म्हणून विकलेल्या शेळ्या

चतुर्थी आटोपली आणि पाऊस ओसरला की घाटावरून शेळ्यांचे टेंपो सत्तरी, डिचोली, पेडण्याच्या गावांत फिरू लागतात. यंदा कोणी तुमच्या दारात 'गाभण आहेत, दिवाळीपर्यंत विणार' असं सांगत शेळ्या उतरवल्या, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. आमच्या वाड्यावर बचत गटातल्या बायकांनी अशा दहा शेळ्या घेतल्या. त्यांतल्या सहा गाभण नव्हत्या.

दिवाळीचा वायदा विकणारा मुद्दाम करतो, कारण आपली गरज त्याला ठाऊक असते. गोव्याच्या पावसात करडं जगवणं फार अवघड. जून ते सप्टेंबर गोठ्यातली ओल हटत नाही. सर्दी छातीत उतरते, हगवण लागते आणि आठवडाभराचं करडू बघता बघता जातं. शेळी फळल्यापासून साधारण १५० दिवसांनी विते. म्हणून शहाणा माणूस मेच्या शेवटी किंवा जूनच्या आरंभी बोकड लावतो. मग करडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, हवा कोरडी होत असते, रानात पाला अजून हिरवा असतो आणि आईला दूध उतरतं. आम्हाला दुधासाठीच शेळ्या हव्या होत्या. हा हिशेब त्या माणसाने आमच्याआधी स्वतःच बोलून दाखवला. "ताई, मे महिन्यात फळवलेला कळप आहे, साडेतीन महिने झालेत, तुम्हाला फक्त विताना बघायचं काम," असं म्हणाला. इतकं नेमकं बोलणारा माणूस धंद्यातला जाणकार वाटतो. तो जाणकार होताच.

खाट्या, म्हणजे गाभण नसलेल्या शेळीपेक्षा जनावरामागे चार हजार रुपये आम्ही जास्त दिले, ते पोटातल्या करडांचे. विसार फोनवरून घेतला, तोही दुसऱ्याच कुणाच्या नावावर. बाकीची रक्कम रोख. कच्ची पावती "पुढच्या खेपेला" मिळणार होती.

आता त्याने काय केलं होतं ते सांगते, कारण हे सगळीकडे एकाच तऱ्हेने चालतं. शेळ्यांना आदल्या दिवशी मीठ घातलेला कोंडा भरपूर खायला घालतात, मग त्या पाणी पीत सुटतात. पोट दोन्ही अंगांनी तट्ट फुगतं. पण शेळीच्या चाऱ्याचं पोट डावीकडे असतं. दिवस भरत आलेल्या शेळीचा गाभ उजवीकडे खालच्या बाजूला उतरतो, आणि तिथे हात लावून शांत थांबलं तर पुष्कळदा करडाची हालचाल कळते. आमच्याकडे आणलेल्या शेळ्यांची डावी कूस जास्त फुगलेली होती आणि दोन दिवसांत ती बसली. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या, "हे पोट पाण्याचं गो."

दुसरी गोष्ट कासेची. आधीच्या वेताचं दूध अजून असलेली शेळी एक-दोन वेळा पिळलीच नाही तर कास तुंबते आणि आठवड्यात विणारी शेळी असावी तशी दिसते. पुढे डॉक्टरांनी एकीच्या सडातून थेंब काढून दाखवला: पातळ, पांढरं दूध. विण्याआधी कासेत जमतो तो चीक घट्ट, चिकट, पिवळसर असतो. हे तुम्ही स्वतः करून बघू नका. सडाचं तोंड बंद झालेलं असतं, ते उघडलं तर कासदाह होऊ शकतो.

संशय पक्का झाला ते ऑक्टोबरात एक शेळी शेपूट हलवत, ओरडत माजावर आली तेव्हा. माज साधारण २१ दिवसांनी फिरून येतो. गाभण शेळी सहसा पुन्हा माजावर येत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर सोनोग्राफीचं यंत्र घेऊन आले. सहा रिकाम्या निघाल्या, आणि त्यांतल्या एकीच्या गर्भाशयात नुसतं पाणी होतं. खोटा गाभ म्हणतात तो हाच. चार गाभण होत्या, पण त्यांतल्या दोघींना जेमतेम दोन महिने झाले होते. म्हणजे दिवाळीचा वायदा फक्त दोघींना लागू होता.

त्या दोघींतली एक गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला. शेवटच्या दीड महिन्यात शेळीला दूरचा प्रवास करवू नये, आणि तिला टेंपोत दाटीवाटीने कोंबून घाट उतरवला होता. डॉक्टरांनी सांसर्गिक गर्भपाताच्या (ब्रुसेलोसिस) तपासणीसाठी रक्ताचे नमुने नेले. अहवाल स्वच्छ आला, पण तोवरचे दिवस आम्ही सगळ्या धास्तीत होतो. हा रोग माणसाला होतो, कच्च्या दुधातूनही होतो. गाभडलेल्या शेळीचं करडू आणि वार उघड्या हातांनी कधीच उचलू नका, गरोदर बाईला तर त्या गोठ्याच्या जवळही जाऊ देऊ नका. ते करडू आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

नुकसान नुसत्या चार हजारांचं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. खोट्या तारखेवर सगळा खर्च उभा राहतो. विण्याआधीच्या सहा आठवड्यांत खुराक वाढवायचा असतो, तो आम्ही दहाही शेळ्यांना वाढवला. रिकाम्या शेळ्यांवर नुसती चरबी चढली आणि पुढे त्या फळायला त्रास झाला. आंत्रविषार आणि धनुर्वाताची लस विण्याच्या सुमारे महिनाभर आधी दिली की चिकातून करडांना संरक्षण मिळतं. दोन महिन्यांच्या गाभणींना ती फार आधी दिली गेली. बायकांनी पाळीपाळीने रात्री जागवल्या, कोरडी पोती, नाळेला लावायचं आयोडीन सगळं हाताशी ठेवून.

कागदही होता त्याच्याकडे, शिक्का मारलेला आरोग्य दाखला. त्यावरचे कानातल्या बिल्ल्यांचे १२ अंकी क्रमांक कुठल्या तरी दुसऱ्याच शेळ्यांचे. आमच्या तीन शेळ्यांच्या कानांना ताजी भोकं होती, बिल्ला नव्हताच. दाखल्यावरचा आणि कानातला क्रमांक एकेक करून जुळवा. न जुळणारी शेळी उतरवूच देऊ नका.

पेडण्यात माझ्या मावशीच्या जावेला याच माणसाने दुसऱ्या पद्धतीने गाठलं. 'दोन लिटर देणारी, जुळ्यांची आई' म्हणून शेळी आणि दोन करडं दिली. करडं तिची नव्हती. शेळी आपलं पिल्लू वासावरून ओळखते आणि परक्याला ढुशी देते. म्हणून विकणारा तिचं डोकं धरून करडं कासेला लावून दाखवत होता. डोकं सोडायला सांगा आणि बाजूला उभे राहा. दूध बघायचं तर संध्याकाळी समोर कास पूर्ण रिकामी करून घ्या आणि बारा तासांनी स्वतःच्या भांड्यात पिळा. थांबायला तयार नसेल तर त्याला जाऊ द्या.

आता आमचा गट असा व्यवहार करतो. शेळी कधी फळवली ती तारीख आणि कुठल्या बोकडाने, हे आधी विचारतो. सगळ्या कळपाची एकच गोल तारीख सांगणाऱ्याकडून घेत नाही. खाट्या शेळीचा भाव हातावर, वरचा फरक सोनोग्राफीनंतर. फळून पाच आठवडे झाले असले की यंत्रावर गाभ कळतो. तोंड उघडून दात बघतो: दोन कायमचे दात म्हणजे साधारण दीड वर्ष, आठ म्हणजे चारच्या आसपास, आणि झिजलेले किंवा पडलेले असतील तर 'दुसऱ्या वेताची' हे खोटं. शक्यतो सिंधुदुर्गाकडची कोकण कन्याळ घेतो, कारण ती आपल्यासारख्या भरपूर पावसात टिकते, आणि मालकाच्या गोठ्यात जाऊन तिची आधीची करडं बघता येतात. नव्या शेळ्या तीन-चार आठवडे वेगळ्या बांधतो.

पैसे गेलेच असतील आणि फोनवरून गेले असतील तर उशीर न करता १९३० वर कळवा. रक्कम पुढे सरकण्याआधी कळवलं तरच ती अडवता येण्याची आशा असते. आम्ही कळवलं तेव्हा महिना उलटला होता. टेंपोचा क्रमांक, शेळ्यांचे आणि माणसाचे फोटो उतरवतानाच काढून ठेवा. आमच्याकडे टेंपोचा फोटो होता म्हणून तरी पोलिसांत तक्रार नोंदवता आली. तो माणूस अजून सापडलेला नाही.