ई-20 पेट्रोल: जुनी गाडी ठेवावी, महाग पेट्रोल भरावे की गाडी बदलावी?

पंपावर मिळणारे साधे पेट्रोल आता ई-20 आहे, म्हणजे त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि कमी मिश्रणाचे साधे पेट्रोल मागून घेण्याची सोय उरलेली नाही. त्यामुळे ज्यांची गाडी एप्रिल 2023 पूर्वीची, म्हणजे बहुधा ई-20 साठी न बनलेली आहे, त्यांच्यापुढे मुख्यतः तीन वाटा राहतात. आहे त्या गाडीत ई-20 भरत राहून तिची देखभाल वाढवायची, इथेनॉलमुक्त महाग पेट्रोल भरायचे, किंवा ई-20 साठी बनलेली गाडी घ्यायची. माझे मत आधीच सांगतो. हा निर्णय इंधनाच्या धास्तीने घेण्यासारखा नाही. गाडीची इंधनप्रणाली कोणत्या काळातली आहे आणि टाकीत पेट्रोल किती दिवस पडून राहते, या दोन गोष्टींवर तो घ्यावा.

नियम इथवर कसे आले, हे थोडक्यात पाहू. इथेनॉल मिश्रणाचा कार्यक्रम 2003 मध्ये 5 टक्क्यांनी सुरू झाला. 2018 च्या जैवइंधन धोरणाने 20 टक्क्यांसाठी 2030 ही मुदत ठेवली होती, ती 2022 मध्ये पुढे ओढून 2025-26 वर आणली गेली. जून 2022 मध्ये 10 टक्क्यांचा टप्पा आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. बदलाचा वेग इतका होता की, रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्या ई-20 च्या आधीच्या असतानाच पंपावरचे इंधन बदलले. याविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली, त्यामुळे नजीकच्या काळात जुने पेट्रोल परत येईल या आशेवर कोणी थांबू नये.

आता ॲव्हरेजचा प्रश्न, कारण तक्रार तिथूनच सुरू होते. एक लिटर इथेनॉलमधून मिळणारी ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. म्हणजे ई-20 मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे 7 टक्के आणि आधीच्या ई-10 पेक्षा सुमारे साडेतीन टक्के ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या जून 2021 च्या अहवालातील अंदाजही याच्याशी जुळतात: शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-10 साठी जुळवलेल्या चारचाकींत 6 ते 7 टक्के घट, तशाच दुचाकींत 3 ते 4 टक्के, आणि ई-10 साठी बनवून ई-20 साठी जुळवलेल्या चारचाकींत 1 ते 2 टक्के. ॲव्हरेज वीस-पंचवीस टक्क्यांनी पडले असेल, तर तेवढी घट एकट्या मिश्रणाने होऊ शकत नाही. अशा वेळी पेट्रोलला दोष देऊन थांबण्याऐवजी एअर फिल्टर, टायरमधील हवा, धरून राहिलेला ब्रेक, प्लग आणि इंजेक्टर तपासून घ्यावेत.

ही घट रुपयांत मांडली की दुसरी वाट स्वच्छ दिसते. समजा, लिटरला 16 किलोमीटर देणारी जुनी कार महिन्याला 800 किलोमीटर चालते, म्हणजे तिला 50 लिटर लागतात. 6 टक्के घट धरली तर साधारण 53.2 लिटर लागतील आणि पेट्रोल 105 रुपये धरल्यास महिन्याला सुमारे 335 रुपये जास्त जातील. याउलट, 100 ऑक्टेनचे (ऑक्टेन म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता) इथेनॉलमुक्त पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा लिटरमागे 50 रुपयांहून अधिक महाग पडते. त्याच 50 लिटरना अडीच हजारांहून जास्त रुपये वाढीव मोजावे लागतील. केवळ ॲव्हरेज सांभाळण्यासाठी हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय 91 ऑक्टेनसाठी बनलेल्या इंजिनाला 100 ऑक्टेनचा वेगळा लाभ होत नाही, आणि हे पेट्रोल मोजक्याच पंपांवर मिळते. एक गैरसमजही दूर करायला हवा. ‘प्रीमियम’ म्हणून विकले जाणारे 95 ऑक्टेनचे पेट्रोल इथेनॉलमुक्त नसते. तेवढ्या कारणासाठी लिटरमागे जास्त पैसे देणे व्यर्थ आहे.

पहिल्या वाटेवर मात्र सगळ्या जुन्या गाड्या सारख्या नाहीत. एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) दुचाकींत आणि त्याच्याही आधीपासून बहुतेक कारमध्ये फ्युएल इंजेक्शन, म्हणजे संगणकाने मोजून पेट्रोल सोडणारी यंत्रणा आहे. बहुतेक अशा प्रणालींत ऑक्सिजन सेन्सर असतो आणि काही मर्यादेपर्यंत संगणक इंधनाचे प्रमाण सावरून घेतो. कार्ब्युरेटरच्या गाडीला ही सोय नाही. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे भोक ठरलेले असते, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे हवा आणि इंधनाचे मिश्रण पातळ पडते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते. सकाळी गाडी चालू व्हायला त्रास देते, थंड इंजिन झटके खाते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या गॅरेजमध्ये अशा गाडीचा कार्ब्युरेटर उघडताना शेजारी उभे राहावे, म्हणजे बाकीचा भाग समजतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठणाऱ्या फ्लोटच्या वाटीची रबरी रिंग फुगून लांबलेली असते आणि एकदा काढली की पुन्हा तिच्या खाचेत बसत नाही. वाटीच्या तळाशी पांढरट भुकटी जमते, ती मिश्रधातूला लागलेली गंज असते. जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ इथेनॉल सोडवून आणते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो.

यावरचा उपाय गाडी विकणे नव्हे. पेट्रोलची नळी, फ्लोटची रिंग, नीडल, कॉकचा वॉशर आणि फिल्टर हे भाग इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घेऊन एकदाच बदलावेत आणि हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचे सेटिंग करून घ्यावे. नळी कडक झाली, भेगाळली किंवा पेट्रोलचा वास येऊ लागला, तर ती त्याच दिवशी बदलावी. तिथे काटकसर करू नये, कारण गळते पेट्रोल गरम इंजिनावर पडते. रोज शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत जाणारी, टाकी आठवड्याला रिकामी होऊन भरणारी दुचाकी एवढ्या देखभालीवर निश्चिंत चालवता येईल. ई-20 वापरल्याने विम्यावर परिणाम होत नाही, असेही पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्पष्ट केले आहे.

खरी अडचण उभ्या राहणाऱ्या गाडीची आहे, आणि कोल्हापुरात ती इतर अनेक गावांपेक्षा अधिक आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. काही मर्यादेपर्यंत पाणी मिश्रणात विरघळून राहते, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसते आणि पेट्रोल वर तरंगते. इंजिनाला पुरवठा तळाकडून होतो, त्यामुळे नेमका तोच थर आधी आत जातो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी भागातील चार महिन्यांचा पाऊस आणि दमट हवा लक्षात घेता, अर्धी टाकी ठेवून पावसाळाभर झाकून ठेवलेली हौशी जुनी मोटारसायकल हे नुकसानीला आमंत्रणच आहे. मला इथेनॉलमुक्त पेट्रोलचा खर्च पटतो तो इथेच: गाडी बंद ठेवण्यापूर्वी शेवटची टाकी त्या पेट्रोलची भरावी. ते मिळत नसेल, तर टाकी रिकामी करावी आणि कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे वाटी कोरडी होते. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर आणखी एक काळजी घेणे भाग आहे. पूर ओसरल्यावर लगेच पेट्रोल भरताना पंपावर भूमिगत टाकीतील पाण्याची तपासणी झाली आहे का, हे विचारावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट वापरून ती तपासणी होते आणि ग्राहकाने विचारण्यात काही गैर नाही.

जिल्ह्यातील वाहनधारक अनेकदा ऊस उत्पादकही असतो, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहितो. उसाचा रस, तसेच बी-हेवी आणि सी-हेवी, म्हणजे जास्त आणि कमी साखर उरलेल्या मळीपासून इथेनॉल बनते आणि साखरेचे दर पडतात तेव्हा कारखान्यांना उत्पन्नाचा तो आधार होतो. हा लाभ मी मोलाचा मानतो. पण म्हणून वाहनधारकाची तक्रार खोटी ठरत नाही. इंधनातील ऊर्जा कमी होते म्हणून मिश्रित पेट्रोल स्वस्त असावे, असा विचार नीती आयोगाच्या त्याच अहवालात होता. प्रत्यक्षात तेल कंपन्यांना इथेनॉल सरासरी 71 रुपये लिटरच्या आसपास पडू लागले आणि पंपावरचा दर काही उतरला नाही. ब्रिटनने सप्टेंबर 2021 मध्ये ई-10 आणताना जुन्या गाड्यांसाठी ई-5 चा पर्याय सुपर दर्जात ठेवला. अमेरिकेत ई-15 ला 2001 आणि त्यानंतरच्या कारसाठी परवानगी आहे, मोटारसायकलींसाठी नाही, आणि पंपावर तसा इशारा लावावा लागतो. ब्राझीलने ऑगस्ट 2025 पासून 30 टक्के मिश्रण केले, पण तिथे कोणत्याही प्रमाणावर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या 2003 पासून विकल्या जात आहेत. आपल्याकडे निदान एक कमी मिश्रणाचा परवडणारा पर्याय असायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

तिसऱ्या वाटेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. केवळ ई-20 च्या भीतीने चांगली चालणारी गाडी मोडीच्या किमतीला देणे परवडणारे नाही. वर्षाला चार हजारांच्या जादा पेट्रोलसाठी कोणी लाखोंचे कर्ज काढू नये. रनिंग खूप असेल, तर सीएनजीचा विचार व्हावा, मात्र सीएनजी गाडीच्या टाकीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहते, म्हणून ते थोडेच ठेवून अधूनमधून पेट्रोलवर चालवत संपवावे.

गाडी बदलायची वेळ तशीही आली असेल, तर जुन्या बाजारात घेताना नोंदणीच्या तारखेवर विसंबू नये, कारण शोरूममध्ये पडून राहिलेली गाडी उशिरा नोंदलेली असू शकते. उत्पादनाचा महिना पाहावा. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे भाग ई-20 ला टिकणारे आहेत आणि एप्रिल 2025 पासूनच्या गाड्यांची इंजिनेही त्यासाठी जुळवलेली आहेत. गाडी किती टक्के मिश्रणाला चालते, हे उत्पादकाने जाहीर करून तसे स्टिकर लावावे असा नियम आहे. ते निघाले असेल, तर मालकाच्या पुस्तिकेत पाहावे आणि पुस्तिकाही नसेल, तर चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून खात्री करून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये.