दोरीऐवजी ड्रिल: नायट्रो गाडीच्या स्टार्टरमधील बदल आणि आठ महिन्यांचा वापर

माझ्याकडे खऱ्या गाडीच्या १/१० आकाराची, रिमोटवर चालणारी नायट्रो गाडी, म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारी मॉडेल गाडी, आहे आणि तिचे इंजिन ०.१८ घनइंचाचे, म्हणजे जवळपास ३ सीसीचे आहे. गेल्या नोव्हेंबरात मी या इंजिनाचा दोरीचा स्टार्टर काढून टाकला आणि ते बॅटरीच्या ड्रिलने सुरू करण्याची सोय केली. नागपूरची थंडी आणि त्यामागून आलेला मे महिना असे दोन्ही या बदलाने पाहिले आहेत, त्यामुळे आता त्याबद्दल काही खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

बदल करण्याची वेळ का आली, ते आधी सांगतो. पुल स्टार्टरच्या डबीत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली पातळ स्प्रिंग असते आणि तिच्यावरच्या कप्पीला दोरी बांधलेली असते. दोरी एका वेळी वीतभर, फार तर तीस सेंटिमीटर ओढावी आणि झटके आखूड द्यावेत, हे मला ठाऊक होते. पण गाडी सुरू होत नसली की हात आपोआप लांब जातो. एका रविवारी रेशीमबागेच्या मैदानावर माझ्या भाच्याने दोरी शेवटपर्यंत ओढली आणि स्प्रिंगचे टोक आतल्या खाचेतून तुटले. त्या वर्षातली ती दुसरी स्प्रिंग होती. तिसरी मागवण्याऐवजी रचनाच बदलावी, असे मी तेव्हा ठरवले.

स्टार्टरचे काम समजून घेतल्यास हा बदल फार अवघड नाही. इंजिनाच्या मागच्या झाकणातून, म्हणजे बॅकप्लेटमधून, एक गुळगुळीत दांडा बाहेर येतो. त्याचे आतले टोक क्रँकपिनमध्ये, म्हणजे पिस्टन ज्या क्रँकला फिरवतो त्यावरच्या खुंटीत, अडकलेले असल्याने इंजिन चालू असेपर्यंत तो दांडाही फिरत राहतो. कप्पी आणि दांडा यांच्यामध्ये वन-वे बेअरिंग असते. ते एका दिशेने दांड्याला घट्ट पकडते आणि इंजिन वेग घेऊन पुढे गेले की सोडून देते. माझ्या इंजिनातील बेअरिंगची बाहेरची बाजू षटकोनी आहे. म्हणून ते कप्पीतून काढून मी इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेलो आणि त्यावर बसेल असा, ड्रिलला लावायचा सॉकेट (नटावर बसतो तसा पोकळ पाना) शोधला. किंचित ढिलेपणा होता, तो पितळी पत्र्याची पट्टी घालून काढला. दुकानदाराने बेअरिंग बोटावर फिरवून पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, हे उलटं बसवलं तर ड्रिल नुसतंच फिरत राहील." त्याचे म्हणणे बरोबर होते. मागून पाहिल्यास हे इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, त्यामुळे ड्रिल सुलट्या दिशेलाच ठेवावे लागते आणि बेअरिंगची पकडही त्याच दिशेची असावी लागते. चूक होऊ नये म्हणून मी बेअरिंगच्या कडेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला आहे.

जुन्या स्टार्टरची प्लॅस्टिकची डबी मी फेकली नाही. स्प्रिंग आणि दोरी काढून, मधोमध सॉकेट जाईल एवढे भोक पाडून ती परत बसवली, कारण उघडा फिरता दांडा बोटांसाठी धोक्याचा असतो आणि आपल्याकडची धूळ थेट बॅकप्लेटच्या रबरी रिंगपर्यंत पोचते. गाडी उभी असताना या भोकात रबरी बूच लावतो. पहिल्या महिन्यात मी बूच लावत नव्हतो. त्याचा परिणाम असा झाला की रिंग झिजली, तिथून हवा आत जाऊ लागली, मिश्रण पातळ झाले, म्हणजे त्यात हवेच्या मानाने इंधन कमी पडले, आणि इंजिन मोकळ्यावर (गाडी उभी असताना) कधी चढत, कधी उतरत राहिले. इंधनाचे प्रमाण ठरवणारी कार्ब्युरेटरची सुई फिरवण्यात मी दोन आठवडे घालवले; दोष मात्र एका छोट्या रिंगचा होता.

आता मुख्य गोष्ट. दोरी हाताशी बोलते, ड्रिल बोलत नाही. सिलिंडरमध्ये जास्त इंधन साचले की पिस्टन वर जाताना अडतो, कारण द्रव दाबला जात नाही. दोरी ओढणाऱ्याला ते लगेच कळते. भाचा तेव्हा "मामा, दोरी अडकली" म्हणून थांबत असे. ड्रिल मात्र थांबत नाही. त्या वेळी त्याचा सगळा जोर पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर आणि बेअरिंगवर येतो. जानेवारीत माझ्याकडून हे एकदा घडले. रॉड वाचला, पण बेअरिंगची पकड त्या दिवसापासून कमी झाली. तेव्हापासून ड्रिलचा क्लच (ठरावीक जोरापलीकडे ड्रिल घसरू देणारी कडी) सर्वांत कमी आकड्यावर ठेवतो आणि इंजिन सहज फिरेल एवढाच एकेक पायरीने वाढवतो. क्लच कटकट वाजला की हात आवरायचा, ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) काढायचा, गाडी उलटी धरायची आणि इंजिन हळू फिरवून इंधन बाहेर काढायचे. हे करताना प्लगच्या भोकावर फडके धरणे आणि इग्नायटर, म्हणजे प्लगची तार तापवणारी बॅटरी, दूर ठेवणे अत्यावश्यक आहे. मिथेनॉलची ज्वाला उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि ते डोळ्यांत जाणे घातक असते.

ड्रिल दांड्यावर दाबून धरण्याची सवयही मला मोडावी लागली. दाब दिला की दांड्याचे आतले टोक क्रँकपिनवर घासते. सॉकेट पूर्ण आत सरकवून मी ते अंदाजे एक मिलिमीटर मागे घेतो आणि मगच बटण दाबतो.

डिसेंबरच्या सकाळी दोन अडचणी आल्या. थंड इंजिनात स्लीव्हचा (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीचा) वरचा भाग पिस्टनला आवळतो, म्हणून हेड हेअर ड्रायरने दोन मिनिटे गरम करावे लागले. असे न करता नुसता ड्रिलचा जोर लावणे मला अयोग्य वाटते. दुसरे म्हणजे इंधनातील एरंडेल थंडीत घट्ट होऊन बेअरिंग घसरू लागले. ते लायटरच्या पेट्रोलने धुऊन, वाळवून, पातळ तेलाचा एकच थेंब दिल्यावर पकड परत आली. मे महिन्यात आम्ही सकाळी साडेसहालाच मैदानावर जात होतो. गरम हवा विरळ असल्याने सुई किंचित आवळावी लागली, पण ड्रिलने इंजिन बहुधा तीन-चार सेकंदांत पेटले. ते न पेटल्यास मी आता आधी प्लगची तार केशरी तापते का, हे पाहतो. दोरीच्या काळात मी स्टार्टरवर जो राग काढला, त्यातील निम्मा तरी उतरलेल्या इग्नायटरवर काढायला हवा होता.

आठ महिन्यांत एक बेअरिंग आणि एक रबरी रिंग बदलली. गेल्या आठवड्यात सगळे उघडले, तेव्हा दांड्यावर बेअरिंग बसते त्या जागी चकाकणारा पट्टा दिसला आणि त्याच्या कडेवरून नख फिरवल्यावर बारीक पायरी लागली. नवे बेअरिंग त्याच दांड्यावर घातल्यास लवकर घसरेल, म्हणून या वेळी दांडा आणि बेअरिंग दोन्ही एकत्र मागवले आहेत. ते येईपर्यंत गाडी बूच लावून कपाटात ठेवली आहे.